मधली जागा

३ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे. मी, एक पेटी आणि मुकादम.

मुकादम म्हणजे माझा कुत्रा. तपकिरी, अंगाने भरलेला, उजवा कान कायमचा पडलेला. पिल्लू होता तेव्हापासून घरात कोण काय करतंय यावर जातीने लक्ष ठेवायचा, म्हणून नवऱ्याने त्याला हे नाव दिलं. नवरा गेला आणि त्या मोठ्या अंथरुणात मला झोप म्हणून लागेना. एक दिवस मुकादम कुणाला न विचारता वर चढला, माझ्या पायांवर मान टाकून घोरायला लागला, आणि त्याच्या घोरण्याने मीही झोपले. तेव्हापासून आम्ही एकाच अंथरुणात झोपतो. ज्याला हे घाण वाटतं त्याने आपल्या घरी नाक धरून बसावं. माझ्या भावजयीला फारच वाटत होतं. कुत्रा बाहेर बांध, नाहीतर तुझी सोय दुसरीकडे बघ, असं तिने भावाच्या तोंडून वदवलं. मी त्याच आठवड्यात दुसरीकडे सोय बघितली.

नोकरी इस्पितळाच्या धुलाईघरात, रात्रपाळीची. खोली जवळच, घरमालकीण मावशींच्या वरच्या मजल्यावर. मावशी बुटक्या, गोल, चष्म्याला दोरा बांधलेल्या. खोलीत ऊन भरपूर. भिंतीला लावलेला लाकडी पलंग इतका रुंद की तिघं सुखाने झोपतील. अट एकच आहे. पलंग मला फक्त दिवसाचा. इथे कारखान्यांच्या पाळ्या चालतात, त्यामुळे एकच पलंग दोघांना देतात, दिवसा झोपणाऱ्याला आणि रात्री झोपणाऱ्याला. रात्री इथे मावशींचा थोरला भाऊ झोपतो आणि पहाटे जातो. दिवे लागायच्या आत मी पलंग मोकळा करायचा. सुट्टीच्या रात्री खाली स्वयंपाकघरातली खाट आहे.

कुत्रा अंथरुणात घेते हे मी आधीच सांगून टाकलं, भांडायच्या तयारीने. मावशी तर खूश झाल्या. मी कामावर गेल्यावर कुत्रा खोलीतच राहील ना, एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. राहील म्हटलं. जगात शहाणी माणसं शिल्लक आहेत.

६ ऑक्टोबर

काम जमतंय. मळक्या चादरी ढिगाने येतात, आम्ही त्या निवडतो, धुतो, इस्त्रीच्या गरम रोलरमधून काढतो आणि घड्या घालतो. रोलरवर एक उंच, किडकिडीत माणूस आहे. सगळे त्याला खांब म्हणतात आणि तोही ओ देतो. मला ताई म्हणतो, मानाने वागतो.

मी या कामात बरीच वर्षं घालवली आहेत. चादर बघितली की तिच्यावर कोण झोपलं होतं ते मला साधारण सांगता येतं. जाडा की बारीक, कुशीवर की उताणा, शांत की तळमळणारा. पुरुषाला बायको जेवढी कळत नाही तेवढी धोबिणीला त्याची चादर कळते, असं मी खांबला म्हटलं. तो बराच वेळ हसत होता.

९ ऑक्टोबर

सकाळी खोलीत येते तेव्हा पलंग उबदार असतो. पांघरुणाची घडी पायाशी, उशी थोपटलेली, आणि भिंतीकडची बाजू छान गरम. भाऊ नुकताच उठून गेलेला असणार. पहिल्या दिवशी जरा कसंतरी वाटलं. परक्या माणसाची ऊब, न सांगता अंगाला लागते. पण रात्रभर ओल्या कपड्यांत उभी राहून आले की तेही चालतं. मी खिडकीकडच्या बाजूला झोपते, मुकादम मध्ये, आणि त्या बाजूची ऊब हळूहळू निवत जाते. मावशींना म्हटलं, तुमच्या भावाला माझे धन्यवाद सांगा. त्यांचे डोळे भरून आले. त्याला मुळात एकटं झोपवत नाही, लहानपणापासूनच, असं त्या म्हणाल्या. मग घाईने खाली गेल्या.

१२ ऑक्टोबर

मुकादमचं काहीतरी बिनसलंय. तो नेहमी माझ्या पायांवर झोपणारा. इथे आल्यापासून मध्ये, पलंगाच्या बरोबर मध्ये, लांबलचक पसरून झोपतो. झोपतो तरी कसं म्हणू? पाठ माझ्याकडे, तोंड भिंतीकडे, डोळे उघडे. हाक मारली तर पडलेला कान हलतो, पण वळून बघत नाही. पायांशी बोलावलं तर येत नाही. उचलून पायांशी ठेवला तर पुन्हा मध्ये.

मी सरळ सांगते, मला राग आला. त्या भावाने याला काहीतरी खाऊ घालून फितवलं असणार. रात्री माझ्या माघारी माझ्या कुत्र्याला कुशीत घ्यायचं, आणि दिवसा मी त्याची पाठ बघायची?

१४ ऑक्टोबर

आज झोपायच्या आधी चादर नीट तपासली. माझं कामच ते. भिंतीकडच्या बाजूला लांब, डाव्या कुशीवर झोपणारा माणूस. हलत नाही, तळमळत नाही. एकदा निजला की निजला. त्या बाजूला कुत्र्याचा एक केस नाही. माझ्या बाजूला नाही. सगळे केस मध्ये, एका सरळ रेघेत, उशीपासून पायथ्यापर्यंत. म्हणजे रात्रभर हा त्या माणसाला चिकटून पडून असतो.

मुकादमला विचारलं, काय रे, माझ्यात काय कमी पडलं? त्याने मान वर केली, माझा हात एकदा चाटला आणि परत भिंतीकडे तोंड केलं. बरगड्या दिसायला लागल्यात त्याच्या. खाणं टाकलंय.

१६ ऑक्टोबर

चादरींवर खूण घालायचा लाल दोरा धुलाईघरातून आणला. गादीच्या बरोबर मधून, चादरीसकट, धावदोरा घातला. ही बाजू त्यांची, ही माझी, आणि कुत्रा माझ्या बाजूला. भाऊसाहेबांना डोळे असतील तर समजेल. मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. असं करू नये, तो मनाला लावून घेतो, एवढंच बोलल्या. मी म्हटलं, घेऊ दे.

१७ ऑक्टोबर

दोरा उसवलेला. आणि परत घातलेला, वीतभर माझ्या बाजूला सरकवून. टाके माझ्यापेक्षा बारीक, एकसारखे, कुठे गाठ दिसत नाही. काम बघून आधी कौतुकच वाटलं. मग संताप. मुकादम त्या नव्या रेघेवर पसरलेला होता, अंग ताठ, जीभ बाहेर.

उसवला. मध्ये परत घातला. माझ्याशी पैज लावायची असेल तर लावा.

१८ ऑक्टोबर

आणखी वीतभर. आता माझ्या बाजूला मला कुशी बदलता येत नाही.

मावशींना सांगितलं, तुमच्या भावाशी मला समोरासमोर बोलायचंय. उद्या पहाटे लवकर येते, त्यांना थांबवून ठेवा. मावशी म्हणाल्या, तो कुणासाठी थांबत नाही.

१९ ऑक्टोबर

पहाटेच आले. अंधार सरत होता. बाहेरचा दरवाजा आतून बंद, कडी घातलेली. मावशींनी उघडला. वर पलंग रिकामा, गरम. जिन्यावर कुणी भेटलं नाही आणि घराला दुसरा दरवाजा नाही.

मुकादम मध्ये बसून होता. मला बघून उठला, माझ्या पोटात डोकं खुपसलं आणि बारीक आवाजात रडला. कितीतरी दिवसांनी माझा वाटला.

२० ऑक्टोबर

आज चहाच्या सुट्टीत खांबला सहज विचारलं, मावशींचा भाऊ कुठल्या कारखान्यात आहे. त्याने कप खाली ठेवला.

मावशींचा भाऊ इथेच होता, आमच्याच धुलाईघरात, दिवसपाळीला. फाटक्या चादरी शिवायचा. त्याचे टाके दिसायचे नाहीत म्हणे. एकटं झोपायला घाबरायचा. आई होती तोवर आईजवळ, मग कुणीतरी भाडेकरू बरोबर घेऊन. एकदा शेजारी झोपणारा भाडेकरू गावाला गेला, त्या रात्री हा झोपेत गेला. त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्यानंतर त्या पलंगाची रात्र कुणाला दिलेलीच नाही.

मी म्हटलं, पण पलंग गरम असतो. माणूस उठून गेल्याशिवाय पलंग गरम राहतो का?

खांबने मग दुसरी गोष्ट सांगितली. माझ्या आधी एक नर्स तिथे दिवसाची राहायची. एकदा तिला ताप होता, ती संध्याकाळी उठली नाही. मावशींना वाटलं झोपली आहे. सकाळी हात लावून बघितलं, अंग गरम, म्हणजे ठीक आहे. दुपारी बघितलं, गरमच. डॉक्टर आले तेव्हा कळलं, ती रात्रीच गेली होती. तिची चादर धुवायला आली ती खांबने स्वतः घेतली. तो म्हणाला, ताई, एका माणसाची चादर नव्हती ती.

त्याने मला आजच खोली सोडायला सांगितलं. मी हात धुतले आणि कामाला लागले. ढीग तसाच पडला होता.

२१ ऑक्टोबर

मावशींना तोंडावर विचारलं. खोटं का बोललात?

त्या अजिबात ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, "खोटं काय बोलले? झोपतो म्हटलं, झोपतोच. जिवंत आहे असं म्हटलं का मी?"

मग रडल्या. रात्र रात्र वर येरझाऱ्या घालायचा, भिंत खरवडायचा. मुकादम आल्यापासून गप्प झोपतो. त्याला सोबत मिळाली. तुला भीती वाटत असेल तर तू जा बाई, पण कुत्र्याला ठेवून जा, मी त्याला स्वतःच्या ताटातलं देईन. हात जोडत होत्या.

मी म्हटलं, मावशी, या कुत्र्यासाठी मी सख्ख्या भावाचं घर सोडलं. तुमच्या भावासाठी हा कुत्रा सोडेन असं वाटतं का तुम्हाला?

२३ ऑक्टोबर

दोन दिवस खोल्या बघितल्या. एका ठिकाणी कुत्रा अंगणात चालेल. दुसऱ्या ठिकाणी कुत्रा चालेल, पण पलंगावर नको. तिसरीकडे बाईने मुकादमकडे बघून दारच लावलं. सगळीकडे तीच भावजय बसलेली आहे.

मग मी का पळायचं? भाडं मी देते. सासरच्यांपुढे हरले नाही, भावापुढे हरले नाही, आता मेलेल्या माणसापुढे हरू? भीती वाटते. वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण भीती वाटते म्हणून माझं माणूस कुणाच्या हवाली करणं मला जमायचं नाही. मुकादम माझं माणूस आहे.

२५ ऑक्टोबर

काल संध्याकाळी मुकादमला कामावर घेऊन गेले. इन्चार्ज बाई ओरडल्या, तरी मागच्या अंगणात कोरड्या चादरींच्या टोपलीत ठेवला. खांबने त्याच्यावर टॉवेल टाकला. मुकादम रात्रभर मेल्यासारखा झोपला. घोरला. खायला दिलं ते सगळं संपवलं. मला वाटलं, सुटला.

सकाळी परत आले तर मावशी जिन्यावर बसलेल्या, चेहरा पांढरा. रात्रभर तो वर शोधत होता म्हणाल्या. कुत्र्याला शोधत होता.

खोलीत गेले. भिंतीकडची बाजू थंड होती. माझी बाजू गरम होती. माझी उशी दबलेली, माझ्या उशीवर लांब, डाव्या कुशीवर झोपलेला माणूस. लाल दोरा कुठेच नव्हता.

मुकादम धावत आला, पलंगावर चढला आणि मध्ये आडवा झाला. परत ते उघडे डोळे.

२६ ऑक्टोबर

आज दिवसा, भर उन्हात, गादी भिंतीकडे दबलेली आहे. तो आता सकाळी जात नाही. मी लिहितेय आणि मध्ये मुकादम आहे आणि त्याच्या पलीकडे चादर हळू वर येते, खाली जाते.

मी झोपले नाही. खाली खाटेवर गेले असते, पण मुकादम पलंग सोडून येत नाही. ओढला तर दात दाखवले. मला. पहिल्यांदा.

२७ ऑक्टोबर

झोप नाही. कामावर चादरीऐवजी स्वतःची बाही रोलरमध्ये घालत होते. खांबने खेचलं.

आज सकाळी तो गेला, पण दुपारीच परत आला. दिवे लागायची वाटसुद्धा बघत नाही.

२८ ऑक्टोबर

ठरवलं. उद्या रजा. संध्याकाळी पलंग सोडायचा नाही. कुत्रा कुणाचा ते एकदाचं होऊन जाऊ दे. खांबला सांगितलं, तो नको नको म्हणाला. म्हटलं, त्या रात्रीची पाळी सुटली की येऊन दार वाजव, आणि आधी कुत्र्याला बाहेर काढ.

मावशींनी दाराची कडी बाहेरून लावू का विचारलं. दार उघडंच राहील, म्हटलं.

२९ ऑक्टोबर, संध्याकाळ

आहे पलंगावर. आज दुपारी तो आला नाही. दार उघडं ठेवलंय. खिडकीतून अजून उजेड येतो, लिहिण्यापुरता.

मुकादम सवयीने मध्ये येऊन पडला. आज नाही चालणार, म्हटलं. दोन्ही हातांनी उचलला, खूप धडपडला, पण उचलला आणि खिडकीकडे ठेवला. आता मध्ये मी. माझ्या कुत्र्यापर्यंत पोचायचं तर आधी मला ओलांडावं लागेल.

मुकादम थरथरतोय. गप रे. मी आहे.

दिवे लागले. रस्त्यावर एक एक करून.

मावशी खाली भांडी आपटतायत. मुद्दाम. तेवढीच सोबत, असं वाटतं.

आला.

गादी दबली. भिंतीकडे. आधी बसला, मग आडवा झाला. रोज झोपणारा माणूस होतो तसा.

घाबरले. उठले मात्र नाही.

मोठ्याने सांगितलं. कुत्रा माझा आहे. तुमच्या बहिणीचं मला वाईट वाटतं, तुमचंही वाटतं, पण कुत्रा मिळणार नाही. दुसरी सोबत बघा.

काही नाही. मुकादमकडे हात गेला नाही. मुकादमसाठी चादरसुद्धा हलली नाही. त्याला कुत्रा —

पाठ. माझ्या पाठीला पाठ लागली. गार असेल असं धरून बसले होते. गार नाही. उबदार. नवरा गेल्यापासून अशी —

नाही.

मुकादम उठला. माझ्या अंगावरून चढतोय. त्याच्याकडे जायला नाही. मध्ये. माझ्या आणि त्याच्या मध्ये नाक खुपसतोय, पंजाने उकरतोय, जागा कर म्हणतोय. पाठ माझ्याकडे, तोंड त्याच्याकडे. रोज असाच —

अरे देवा. फितला नव्हता. हा तर रोज मला राखत होता. रात्रभर जागा अडवून, दिवसभर जागा अडवून, न खाता. त्याला कुत्रा कधीच नको होता. आणि मी माझ्या हाताने याला उचलून —

चूक माझी. पण शिक्षा नाही भोगणार.

कूस वळली. त्याची.

झोप येतेय. किती दिवसांची झोप. ऊब पार हाडांपर्यंत — नाही. खांब, चादर — गरम म्हणजे जिवंत नाही, कुणीतरी मावशींना सांगा, गरम म्हणजे —

मुकादमने बाही दातात धरली. ओढतोय. कापड फाटलं. ओढ. ओढ रे राजा.

मी काही नर्स नाही. मला ताप नाही. माझे पाय माझे आहेत, दार उघडं आहे आणि माझा कुत्रा माझ्याकडे आहे. उठतेय मी. मुकादम, हो मागे. एवढा हा हात कमरेवरून काढला की मी —